काहीही बदलू नका

९ मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद. फोनवर तू घाईत असतेस आणि मी ओरडून बोलतो, म्हणून पत्र. माझ्यावरच्या तुझ्या डॉक्युमेंटरीचं शूटिंग थांबल्याला काल चौदा महिने झाले. ही तक्रार नाही, अहवाल आहे.

तीन वर्षं तू येऊन-जाऊन शूटिंग केलंस. शेवटच्या वेळी जाताना दारात म्हणालीस, "मामा, मी परत येईपर्यंत काहीही बदलू नका, कंटिन्युइटी जाते." आज कात्री उजवीकडे असेल तर उद्याही उजवीकडेच हवी, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं की मधे काहीतरी घडलं आणि आपल्याला सांगितलं नाही, असं तू समजावलं होतंस. मला ते लगेच पटलं. बाइंडिंगमध्येही अर्धं पुस्तक एका दोऱ्याने आणि अर्धं दुसऱ्याने शिवलं की कणा चुगली करतो.

तर कात्री उजवीकडे आहे. खळीचं भांडं खिडकीपासून एक वीत आहे. भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या वर्षीच्या जानेवारीवर आहे. ते बघून तुझी मामी एकदा एक दिवस आधीच दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसली, पण एवढं चालायचंच. मी रोज निळा शर्ट घालतो. मामी तो एक दिवसाआड संध्याकाळी धुते. दुसऱ्या बटणाच्या जागी दोरा लोंबत होता, तो लोंबतोच आहे.

ग्रंथालयाचा तो जाडा शब्दकोश अर्धा शिवून लाकडी शिकंज्यात आवळून ठेवला आहे. आवळलेलं उघडत नाही, त्यामुळे ग्रंथपालबाईंना शब्द अडला की त्या इथे येऊन न शिवलेल्या सुट्या फर्म्यांत, म्हणजे पानांच्या घड्यांत, बघतात. 'न'च्या पुढचे शब्द मिळतात. त्याच्या आधीच्या शब्दांचं त्या अंदाजाने भागवतात. बाई स्वभावाने शांत आहेत, पण गेल्या आठवड्यात त्यांनी 'अक्षम्य' या शब्दाची चौकशी केली.

कधी येतेस ते कळव.

तुझा मामा

२१ मार्च

मामा, नमस्कार.

अहवाल मिळाला. इतकी शिस्तीची माणसं आमच्या धंद्यात नाहीत.

तुमच्या फिल्मचं एडिटिंग चालू आहे. सध्या ते डोक्यात चालू आहे, पण एडिटिंगचा बराचसा भाग डोक्यातच होतो. हाताला दुसरं काम आहे. एका कारखान्यासाठी 'शिडीवर सुरक्षित कसे चढावे' ही बावीस मिनिटांची फिल्म कापते आहे. त्यात एक माणूस सहा वेळा शिडी चढतो आणि एकदा पडतो. पडतो तेव्हा फार बरा दिसतो, बाकी वेळ शिडीच भाव खाऊन जाते. तुम्ही विचाराल, तू स्वतंत्र फिल्ममेकर ना, मग हे कशाला? मामा, स्वतंत्र म्हणजे जिला कुणी वरिष्ठ नाही. तेव्हा नाही म्हणायची जबाबदारी आपल्यावरच येते आणि माझ्याच्याने ती होत नाही.

लवकरच येते. ग्रंथपालबाईंना सांगा, कलेसाठी थोडी कळ सोसा.

ठकू

२ एप्रिल

ठकू,

तुझं पत्र यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. का, ते विचारलंस का कधी? नाही विचारलंस, म्हणून सांगते. यांना दिसत नाही.

अगदीच नाही असं नाही. खिडकी कुठे आहे ते कळतं. मी समोर आहे ते बांगड्यांवरून कळतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, आता पिकून दगड व्हायला आलाय, जुलैच्या पुढे थांबलात तर ऑपरेशन अवघड जाईल आणि डोळा जाण्याची भीती आहे. हे म्हणाले, "शूटिंग झालं की करू." डॉक्टरांनी विचारलं, कसलं शूटिंग? यांनी त्यांना अर्धा तास कंटिन्युइटी समजावली. बाहेर लोक ताटकळले होते.

ऑपरेशन झालं की तो जाडा चष्मा जाणार आणि तुझ्या फिल्ममध्ये यांच्या नाकावर जाडा चष्मा आहे. एवढंच अडलंय. घराला रंग द्यायचा राहिलाय, ते मी सोडून दिलं. शर्ट धुऊन धुऊन जाळी झालाय, तेही सोडलं. हे मात्र सोडणार नाही.

मी लिहिलंय हे सांगू नकोस. एका ओळीत कळव त्यांना, ऑपरेशन करा म्हणून. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील, कारण तू दिग्दर्शक आहेस आणि मी नुसती बायको.

मामी

८ एप्रिल

मामा, नमस्कार.

सहज एक तांत्रिक शंका. तुमचे डोळे कसे आहेत?

बरे नसतील तर दाखवून घ्या आणि डॉक्टर म्हणतील ते लगेच करा. कंटिन्युइटीची काळजी करू नका. ती मी एडिटिंगमध्ये सांभाळते. मधे एक खिडकीचा शॉट टाकला की काय वाटेल ते बदलता येतं. आम्ही लोक त्यावरच जगतो.

ठकू

१५ एप्रिल

चि. ठकूस,

आशीर्वाद. घरातलं एक तिकीट कमी झालं तेव्हाच समजलो की मामीने तुला लिहिलं आहे. हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. पट्टी ठेवून लिहितो, त्यामुळे ओळी सरळ येतात. एखादी ओळ दुसरीवर चढली असेल तर दोन्ही वाचाव्यात.

खिडकीच्या शॉटचं मला पटलं नाही. फिल्मच्या पहिल्या अर्ध्या भागात जाड चष्म्याचा एक माणूस शब्दकोश शिवायला घेतो, दुसऱ्या अर्ध्यात बिनचष्म्याचा माणूस तो पुरा करतो. लोक विचारतील, पहिला कुठे गेला? तू माझ्यासाठी तुझ्या कामात ढिलाई करावीस हे मला चालणार नाही. मी चव्वेचाळीस वर्षांत कुणासाठी केली नाही.

डोळ्यांविषयी म्हणशील तर मला काही अडत नाही. सुई बोटाला कळते. कागदाची शीर, म्हणजे तंतू उभे की आडवे, ती ओठाला लावली की कळते.

तू मला तारीख दे, मी डॉक्टरांना तारीख देतो. त्यांनी बारा जुलैपर्यंत मुदत दिली आहे. माणूस बरा आहे, पण घाई करतो.

तुझा मामा

२० एप्रिल

मामा,

३ जूनला येते, चार दिवस. शब्दकोश पुरा करू आणि बारा जुलैला तुम्ही ऑपरेशन करून घ्यायचं. शब्द द्या.

ठकू

२८ जून

मामा, नमस्कार.

पोचल्याचं कळवायला उशीर झाला. आल्यापासून मशीनसमोरून उठलेले नाही. जूनमधल्या त्या चार दिवसांचं काम बघितलं आणि मला माझंच नवल वाटलं. तुम्ही सुईत दोरा ओवता तो शॉट! मी सात वेळा ओवायला लावला, सातव्या वेळी तुम्ही दोरा जिभेवर धरलात, मान वर केलीत आणि कुठेच न बघता ओवलात. आणि 'म'चे फर्मे शिवतानाचे तुमचे हात. नऊ वर्षांत मी एवढं चांगलं काही केलेलं नाही.

त्यातली सहा मिनिटं एका वाहिनीच्या निवड समितीला पाठवली. मामा, ते हो म्हणाले. पूर्ण फिल्म त्यांना हवी आहे. नऊ वर्षांत मला मिळालेला हा पहिला होकार आहे, त्यामुळे पत्र दोनदा वाचलं आणि एकदा शेजारणीकडून वाचून घेतलं.

त्यांची एक सूचना आहे. त्यांच्या मते फिल्मचा जीव तुमच्या न दिसण्यात आहे. अजून दोन आठवड्यांचं शूटिंग हवं, हातांचं, चालण्याचं, घरातल्या वावराचं. कॅमेरामन आणि बाकीची मंडळी ऑक्टोबरमध्ये मोकळी होतील. तर विचार असा आला की, डॉक्टरांना विचारून बघता येईल का? तीन महिन्यांनी वैद्यकीयदृष्ट्या कितपत फरक पडतो, याचा एकदा अंदाज घेतला तर? आग्रह नाही. निर्णय सर्वस्वी तुमचा.

ठकू

४ जुलै

ठकू,

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही, गाळायला हवा होता. हे तिथल्या तिथे हो म्हणाले. डॉक्टरांना फोन करून बारा तारीख रद्दही केली. वर म्हणाले, "पोरीला नऊ वर्षांनी कुणीतरी हो म्हटलंय, मी नाही कसं म्हणू?"

हे हो म्हणणार हे तुला ठाऊक होतं. म्हणून विचारायचं नव्हतं.

'निर्णय सर्वस्वी तुमचा' हे वाक्य कुठे शिकलीस गं? आमच्या घरी सुट्टीला यायचीस तेव्हा तुला काही हवं असलं की सरळ भोकाड पसरायचीस. ते बरं होतं.

घरातला वावर हवाय ना तुला, मग ऐक. हे चहा ओततात तेव्हा कपात बोट बुडवून ठेवतात, बोट भाजलं की थांबतात. उजव्या हाताची दोन बोटं कायम लाल. जिना उतरताना पायऱ्या मोजतात आणि मधे कुणी बोललं की पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून मोजतात. मे महिन्यात बाथरूमच्या दारावर आपटले, कपाळाला खोक पडली. तू यायच्या आधी बरी व्हावी म्हणून रोज मलम लावत होते, कंटिन्युइटीसाठी. आणि तो सात वेळा ओवायला लावलेला दोरा. दुसऱ्या वेळीच सुई बोटात गेली होती. बोट तोंडात धरून म्हणाले, "परत करू का?" तुझा कॅमेरा चालू होता, तुला दिसलं असेल.

मला यावर उत्तर नको. त्यांना लिही.

मामी

७ जुलै

मामा,

डॉक्टरांना मीच फोन केला होता. बारा तारीख त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. जाऊन ऑपरेशन करून घ्या. समितीला मी नकार कळवला आहे. त्यांनी विचारलं, काही अडचण आहे का? मी म्हटलं, आहे, माझ्या मामाला दिसायला लागणार आहे.

आता खरं सांगते. तुम्ही मोजलेत ते चौदा महिने मी तुमची फिल्म एडिट करत नव्हते. गेल्या वर्षी तुमच्याकडून परत आले त्याच आठवड्यात फिल्मला पाठबळ देणाऱ्यांनी हात वर केले. मी हार्डडिस्क ड्रॉवरमध्ये ठेवली आणि वर शिडीची फिल्म केली. त्याच्या आधी बेसिन कसं धुवावं याचीही केली होती. तुम्ही रोज तो शर्ट घालत होतात आणि मी ड्रॉवर उघडत नव्हते. सांगायची लाज वाटली. मग जूनमध्ये शूटिंग चांगलं झालं, तेव्हा लाज वाटायची थांबली आणि ते जास्त वाईट झालं. तुमचं बोट तोंडात गेलेलं मी पाहिलं होतं. शॉट छान वाटला म्हणून कॅमेरा बंद केला नाही. तुमचे डोळे माझ्या फिल्मसाठी आंधळे ठेवा, असंच मी तुम्हाला गोड शब्दांत लिहिलं होतं.

मला माफ करा. नाही केलंत तरी चालेल, पण बारा तारखेला जा.

ठकू

३० जुलै

चि. ठकूस,

आशीर्वाद. हे पत्र पट्टीशिवाय लिहितो आहे. अक्षर पूर्वीपेक्षा वाईट आहे असं दिसलं, म्हणजे पूर्वी काय असेल.

उजवा डोळा बारा तारखेला झाला, डावा पुढच्या महिन्यात होईल. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. त्यांना कंटिन्युइटीबद्दल अजून राग आहे. तुझी ड्रॉवरची हकिकत वाचली. माझ्या कपाटात अठरा वर्षांपूर्वी बांधायला घेतलेलं एक पुस्तक आहे. त्याचे मालक भेटले की मी अजून "पुढच्या आठवड्यात" म्हणतो. तेव्हा तो विषय संपला.

एक चूक मात्र तुझ्या कानावर घातली पाहिजे. दिसायला लागल्यावर शब्दकोश उघडला. तू ज्या शॉटची एवढी तारीफ केलीस त्यात मी 'म'चे चार फर्मे उलटे शिवतो आहे. पुस्तक डोक्यावर उभं केल्याशिवाय 'मदत' वाचता येत नाही. सगळं उसवून पुन्हा शिवलं आणि काल ग्रंथपालबाईंना दिलं. दाराबाहेर जाऊन त्यांनी 'अ' उघडलेला मी पाहिला. मला आता तेवढं लांबचं दिसतं.

आता मूळ काम. डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा माझ्यासमोर पांढऱ्या केसांची, वाळलेली एक बाई उभी होती. मी तिला नर्स समजलो. विचारलं, "माझी बायको कुठे आहे?" ती म्हणाली, "बाहेर गेलीय, येईल इतक्यात." आवाजावरून ओळखलं.

ठकू, मी घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवली. ही तेवढी बदलत राहिली आणि मला पत्ताच लागला नाही. केस कधी पांढरे झाले, गाल कधी बसले, चालताना गुडघ्यावर हात केव्हापासून ठेवायला लागली, सगळं मी तिला विचारलं. ती म्हणते, हळूहळू. आता मी दिवसभर तिच्याकडे बघत बसतो. ती म्हणते, कामाला लागा. पण मधली तीन-चार वर्षं माझ्याकडे नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं आहे.

तुझ्याकडे या घरातलं तीन वर्षांचं शूटिंग आहे. एकूण किती तासांचं ते तुलाच माहीत. त्यात ही असणारच. तेवढे तुकडे काढून, ओळीने लावून पाठव. फिल्म नाही झाली तरी चालेल. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे मागतो आहे.

तुझा मामा

१० ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र आल्यावर शिडीवाल्यांचं पुढचं काम परत केलं आणि ड्रॉवरमधलं सगळं काढून बघितलं. एकसष्ट तास. एडिटर म्हणून मी इतकं मन लावून कधी काही बघितलेलं नाही. घाईत काही सुटू नये म्हणून पहिल्या वर्षाचं दोनदा बघितलं.

मामी एकूण अकरा सेकंद आहेत.

तीन सेकंद एक हात आहे, तुमच्यासमोर कप ठेवतो आणि मागे जातो. दोन सेकंद कपाटाच्या काचेत त्या अंधूक दिसतात, पण फोकस तुमच्यावर आहे. दोन सेकंद पाठ. उरलेले चार सेकंद चेहरा आहे, पहिल्या वर्षीचा, केस बऱ्यापैकी काळे. त्या तुम्हाला जेवायला बोलवायला दारात येतात आणि मागून माझा आवाज येतो, "मामी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." त्या "अगं बाई, चुकलं" म्हणतात आणि बाजूला होतात. त्यानंतर त्या स्वतःहून कधी फ्रेममध्ये आल्या नाहीत.

आवाज मात्र पुष्कळ आहे. तुम्ही सुई शोधता तेव्हा "डाव्या हाताशी" असा आवाज येतो. तुम्ही उठता तेव्हा "स्टूल आहे" असा येतो. जूनमध्येही तो होता, पण समितीची सहा मिनिटं कापताना मी तो गोंगाट समजून जिथे जमेल तिथे पुसून टाकला होता. म्हणून समितीला वाटलं की तुम्ही सगळं बोटांनी करता. मलाही तसंच वाटलं होतं. मी लोकांना सांगत फिरते की माझं काम माणसांना बघण्याचं आहे.

अकरा सेकंद सोबत पाठवते. तुम्ही मागितलेलं माझ्याकडे नाही, मामा, ते मीच घालवलं.

शनिवारी सकाळी येते. कॅमेरा आणते आहे. मामींना सांगू नका, नाहीतर त्या बाजूला होतील.

ठकू